लेटीचे गुरुवार

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मेलेरी गप्प झाली. फार वेळ नाही. आवंढा गिळायला लागतो तेवढाच. पण काचेच्या केबिनमध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घालणाऱ्या माणसाला तेवढीही सवड नसते. बोलणारा थांबत नाही, ऐकणारे हेडफोन चाचपायला लागतात. बत्तीस वर्षं ती कार्डिफमध्ये हेच काम करत होती. वेल्श कानातून आत, इंग्रजी तोंडातून बाहेर, आणि मधे मेलेरी नावाची बाई कुठेच नाही. साक्षीदार 'मी' म्हणाला की तीही 'मी' म्हणायची. या 'मी'च्या जोरावर ती आजवर मेंढपाळ झाली होती, सर्जन झाली होती, कामावरून काढलेला बसड्रायव्हर झाली होती. आज सकाळपासून ती चौऱ्याऐंशी वर्षांचा डेन्झिल होती; पोर्थगावरचा, शेवंडं धरणारा, ज्याला गावात सगळे पिंजरे डेन्झिल म्हणत. आणि पोर्थगावर हे तिचंच गाव होतं, ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

सांगायला हवी होती. दुभाष्याचा साक्षीदाराशी संबंध असेल तर आधी बोलावं, असा साधा नियम. पण कामाचा कागद आला तेव्हा त्यावर नुसता अर्जाचा नंबर होता. सकाळी येऊन पाहते तो भिंतीवर नकाशा, आणि नकाशात तांबड्या रेघेनं वेढलेली वेस्त्री, चॅपलच्या मागची लांबट खोली. चॅपल बंद होऊन सहा वर्षं झाली होती, ही खोली तेवढी गावाच्या वापरात राहिलेली. एका बिल्डरला तिथे सुट्टीकरांसाठी चार फ्लॅट काढायचे होते. काउन्सिलनं नाही म्हटलं, तो अपिलात गेला. सुनावणी खरं तर गावातच व्हायची. पण चाळीस माणसं बसतील अशी जागा गावात एकच, आणि भांडण तिच्यावरच, म्हणून सगळे कार्डिफला आले. केबिनमधला तिचा जोडीदार येस्तिन उत्तरेकडचा. तो चहा ढवळत म्हणाला होता, "हे म्हणजे 'आहे'ला 'वेस' म्हणणारे, ते वेस-वेसवाले ना? मला तर निम्मं कळत नाही यांचं. तू आहेस म्हणून निभावेल." तेव्हा तोंड उघडलं असतं तर तिला घरी पाठवलं असतं, आणि गावाचं बोलणं निम्मं समजणाऱ्याच्या हाती गेलं असतं. म्हणून ती गप्प बसली. निदान स्वतःला तिनं कारण हेच दिलं.

डेन्झिल रंगात आला होता. सुनावणी घेणाऱ्या ब्रिस्टलच्या पांढऱ्या केसांच्या बाई हेडफोन घालून त्याच्याकडे अदबीनं बघत होत्या, आणि तो त्यांच्याकडे बघून आपल्या बोलीत बोलत होता. "त्या खोलीत काय चालायचं विचारता? काय नाही चालायचं ते विचारा. मयताचा चहा तिथे, बारशाचा चहा तिथे. बोटी बुडाल्या त्या वर्षी तीन रात्री बाया तिथे बसून होत्या. उन्हाळी सणाच्या आधी बायबलचा अख्खा अध्याय सुरात म्हणायची तालीम तिथे. आमचे हेल देवाला कळले, तालीम घेणाऱ्या मास्तरांना नाही कळले." लोक हसले, आणि क्षणभरानं, मेलेरीचं इंग्रजी पोचल्यावर, बाईही हसल्या. "आणि गुरुवारी लेटी. लेटीचं सांगायलाच हवं. समुद्राकडच्या ओळीतली लेटी. सत्तरीची बाई, दोन हिवाळे दर गुरुवारी वेस्त्रीत जायची. शाळेतल्या मिस बेवन रिटायर झालेल्या, त्या तिला शुद्ध वेल्श शिकवायच्या. एक मास्तरीण, एक विद्यार्थीण, मधे रॉकेलची शेगडी. मुलगी कार्डिफला शिकली-सवरलेली, तिच्याशी नीट बोलता यावं म्हणून. नाही वळली जीभ. सत्तर वर्षांची जीभ ती, काय वळणार? मग लेटीनं नाद सोडला, आणि मुलीशी इंग्रजीत बोलायला लागली."

तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मेलेरीनं आवंढा गिळला आणि माईकमध्ये म्हणाली, "तिथे प्रौढांसाठी वर्गही चालत." एवढंच. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं, तेही बहुतेक एवढंच. डेन्झिल पुढे छपराच्या गळतीवर गेला होता. तीही त्याच्यामागून छपरावर गेली. तिचा आवाज नेहमीसारखा सपाट, स्वच्छ होता. अर्ध्या तासाची पाळी संपल्यावर येस्तिननं माईक आपल्याकडे ओढला, आणि मान वळवून, बटण बंद असल्याची खात्री करून म्हणाला, "मघाशी बरंच आटोपतं घेतलंस." ती म्हणाली, "पाल्हाळ होतं." बत्तीस वर्षांत तिनं कुणाचं पाल्हाळसुद्धा गाळलं नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली तशी ती कोट न घालताच बाहेर पडली. थंडी होती हे तिला नदीच्या पुलावर कळलं. ती चालत होती, पण कुठे जायचंय हे पायांनी ठरवलं नव्हतं; एका दुकानाच्या दारात ती उगाच थांबली, आतल्या बाईनं "काय हवंय?" विचारलं, तर काही नको म्हणून पुन्हा चालू लागली. दोन हिवाळे. दर गुरुवारी. ती हिशेब लावत होती, आणि तो चटचट लागत होता याचंच तिला भय वाटत होतं. तिच्या मुलाचं, गॅविनचं, बारसं कधी? तो आता एकवीसचा. आई तेव्हा एकोणसत्तरची. कार्डिफच्या घरात पाहुणे जमलेले, पाद्र्यांच्या बायकोनं आईला विचारलं, चहात साखर आहे ना? आणि आई आपली निळी टोपी सावरत म्हणाली, "वेस, वेस." आणि मेलेरी, हातात ट्रे, जाता जाता ते सुधारत, हसून म्हणाली, "ओइस, आई. ओइस." वाकड्या मनानं नाही. बाळाच्या पायातला मोजा वर ओढावा तसं. लोक हसले, आईसुद्धा हसली. तिनं बशी खाली ठेवली, ती ठेवतानाचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्या 'ओइस'साठी मेलेरीनं काय मोजलं होतं ते आईला कुठे ठाऊक होतं? अठराव्या वर्षी कॉलेजच्या होस्टेलमध्ये पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, तुझ्याकडे इस्त्री आहे का? "वेस," ती म्हणाली, आणि खोलीतल्या पाच मुली एकदम कोंबड्यांसारख्या ओरडल्या, वेस-वेस-वेस! वाईट नव्हत्या मुली. त्यातली एक तर पुढे तिच्या लग्नात करवली होती. पण पोर्थगावरमध्ये झाडांना क्वेद म्हणतात आणि बाकीच्या देशात कोइद, आपण पोरीला रोकेस म्हणतो आणि ते ऐकून इतरांना वाटतं ही कोंबडीला बोलावतेय, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. घरचं बोलणं हे चूक असू शकतं, हे त्याआधी तिच्या मनातच आलं नव्हतं. चॅपलात बायबलची भाषा वेगळी, घरातली वेगळी. पण ती रविवारच्या आणि रोजच्या कपड्यांसारखी, दोन्ही आपलीच. वेस्त्रीत बायकांची रांग उन्हाळी सणाचा अध्याय एका सुरात म्हणायची, छापील, भरजरी शब्द, आणि दोन ओळींच्या मधे आई तोंड न हलवता शेजारणीला कुजबुजायची, "अगं, हॅम झाकून ठेवलंयस ना? मांजर आत आलंय." एकाच श्वासात दोन्ही. मेलेरीनं वर्षभर आरशासमोर उभं राहून, एकेक उच्चार बदलत, ते रोजचे कपडे जाळले. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा बसथांब्यावर डेन्झिलकाका भेटला. ती काहीतरी म्हणाली, आणि तो म्हणाला, "अरे वा, रेडिओ आला गावात." तोही हसलाच होता. दोन्हीकडचे लोक हसत होते आणि ती मधे, सुटकेस घेऊन.

पण फोन. रविवार संध्याकाळचा फोन. बारशानंतर आई फोनवर कमी बोलायला लागली. हं, बरं, असं का. मेलेरीला वाटलं, वय झालं. आणि एकदा, हे आठवलं तशी ती पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली, एकदा फेब्रुवारीत आई फोनवर एकदम म्हणाली होती, "आज येथील हवामान अत्यंत सुखद असून सागर शांत आहे." प्रत्येक शब्द वेगळा, पाटावर मांडल्यासारखा, छापील वेल्शमध्ये. आणि मेलेरी खो खो हसली होती. "काय गं आई, चॅपलात उभी आहेस का?" मग आई म्हणाली, "नाही, स्वयंपाकघरात." तो कुठला वार होता? रविवार. म्हणजे गुरुवारपासून तीन दिवस आईनं ते वाक्य जपून ठेवलं होतं, भांडी घासताना म्हणून पाहिलं होतं, जिना चढताना म्हणून पाहिलं होतं. त्यानंतर कधीतरी इंग्रजी सुरू झालं. बोटीच्या तिकीट-खिडकीवर बोलतात ते इंग्रजी, हॅलो, हाऊ आर यू, बेबी ओके? मेलेरीनं मनाशी म्हटलं होतं, नवरा इंग्रज आहे, फोन त्यानं उचलला तर अडचण नको म्हणून आई करते. समंजस आहे आई. आठ वर्षं, मरेपर्यंत, आई आणि ती इंग्रजीत बोलल्या. शेवटच्या आजारात नर्सनं फोन लावून दिला तेव्हासुद्धा आई म्हणाली, "थँक यू फॉर कॉलिंग." कुणा परक्याला म्हणावं तसं.

ती परत आली तेव्हा सुट्टीची वीस मिनिटं उरली होती. जिन्याजवळच्या बाकावर डेन्झिल एकटाच बसून पावाच्या कागदात गुंडाळून आणलेलं सँडविच खात होता. गुडघ्यांवर रुमाल पसरलेला. मेलेरी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं ते गावच्या बोलीत. चाळीस वर्षांनी. शब्द बरोबर होते, हेलही बरोबर होते, पण ऐकताना तिला स्वतःलाच ते उसने कपडे घातल्यासारखं वाटलं.

"असं नको बोलू," डेन्झिल घास गिळून म्हणाला. "टीव्हीवरचे नट आमच्यासारखं बोलतात ना, तसं वाटतं. तुझं आता जे आहे ते बोल. बस."

"तुम्ही ओळखलंत मला, काका?"

"काचेमागे बसलीस म्हणून काय झालं? हनुवटी लेटीची आहे. सकाळीच ओळखलं."

ती बसली. "म्हणजे ते... तुम्ही मुद्दाम सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, खोलीत काय व्हायचं. झालं ते सांगितलं." त्यानं रुमालावरचे पावाचे कण वेचले. मग म्हणाला, "आणि हो, तुलाही सांगितलं. नाहीतर तू कधी येणार होतीस ऐकायला? घर विकलंस, चावी पोस्टानं पाठवलीस. माझी पुतणी म्हणत होती ईस्टरपर्यंत थांबा, आम्ही घेतो. थांबली नाहीस. आता तिथे बर्मिंगहॅमचा दातांचा डॉक्टर येतो, वर्षातून तीन आठवडे. चांगला माणूस आहे. लाटा मोठ्यानं वाजतात म्हणतो."

"काका, मी ते इंग्रजीत सांगितलंच नाही."

"काय नाही सांगितलंस?"

"आईचं. गुरुवारचं. नुसतं म्हटलं, वर्ग चालत."

डेन्झिलनं सँडविच खाली ठेवलं. त्याचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. लहानपणी बोटीच्या दोरात पोरांनी गाठी मारल्या की व्हायचा तसा. "अगं, पहाटे चारला उठून आलोय मी. दोन बसा आणि एक गाडी. छपराचं सांगायला होय? छपराचं आर्किटेक्टनं लिहून दिलंय. मी ते सांगायला आलो होतो."

"दुपारी मी सुधारते. पण त्यासाठी सांगावं लागेल की लेटी माझी आई. मग मला उठवतील. आणि तुमची उलटतपासणी येस्तिनकडे जाईल. त्याला तुमचं बोलणं नीट कळत नाही."

"मग?"

"मग तुमचं नुकसान होईल. गावाचं होईल. मी गप्प राहिले तर निदान दुपारचं तरी सगळं नीट पोचवेन. किंवा तुम्ही इंग्रजीत बोला. येतं तुम्हाला."

"येतं की. दातांच्या डॉक्टरशी तेच बोलतो." तो उठला, रुमालाची घडी केली आणि खिशात घातली. "लेटीनं माघार घेतली. तिची मुलगी होती पलीकडे, म्हणून घेतली. माझं इथे कोण आहे? मी नाही घेणार. त्या पोराला म्हणावं, कान उघडे ठेव." आणि जाता जाता, तिच्याकडे न बघता: "तू काय करायचं ते तू बघ. मी सांगणार नाही."

दोन वाजता मेलेरी केबिनमध्ये गेली नाही. ती टेबलासमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. तिच्या हातात माईक नव्हता, आणि आपला नुसता आवाज इतका बारीक आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. ती इंग्रजीत म्हणाली, की सकाळच्या साक्षीतला एक भाग तिनं गाळला. की तो भाग ती आता पूर्ण सांगू इच्छिते. आणि त्यात उल्लेख आहे ती लेटी तिची आई. खोलीत खुर्च्या करकरल्या. येस्तिननं काचेमागे डोक्याला हात लावला. बिल्डरचा वकील, तांबूस दाढीचा तरुण, लगेच उठला: हितसंबंध असलेल्या दुभाष्यानं पुन्हा काही सांगणं योग्य नाही. पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सकाळच्या नोंदीत भोक राहिलं तर ते भरायलाच हवं," त्या म्हणाल्या. "सगळं ध्वनिमुद्रित आहे, नंतर दुसऱ्याकडून ताडून घेऊ. सांगा. आणि त्यानंतर तुम्हाला बाजूला व्हावं लागेल, समजतंय ना?"

तिनं सांगितलं. डेन्झिलचं सांगायचं म्हणजे त्याचंच 'मी' घेऊन; त्यामुळे आई 'लेटी' झाली आणि ती स्वतः 'मुलगी' झाली, कार्डिफला शिकली-सवरलेली. एक मास्तरीण, एक विद्यार्थीण, मधे रॉकेलची शेगडी. तिचा आवाज कापला नाही. सवयच नव्हती त्याला. शेवटच्या वाक्याशी मात्र ती अडली. मुलीशी इंग्रजीत बोलायला लागली, हे वाक्य इंग्रजीत सांगताना ते आपल्याच तोंडात कसंतरी फिरतंय, असं तिला वाटलं. तरी तिनं ते सांगितलं. ती मागे जाऊन लोकांच्या खुर्च्यांमध्ये बसली, शेजारच्या बाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर तिचं नाव दुभाष्यांच्या यादीतून वर्षभरासाठी काढलं गेलं. निकाल सहा आठवड्यांनी लागला: अपील फेटाळलं. कारण असं, की चॅपलकडे जाणारी गल्ली अरुंद आणि चार फ्लॅटच्या गाड्या लावायला जागा नाही. निकालाच्या अकरा पानांत लेटी एका वाक्यात होती: 'साक्षीदारानं जागेच्या शैक्षणिक वापराचा उल्लेख केला.' मेलेरीनं ते वाक्य पुष्कळदा वाचलं. ते चूक म्हणता येत नव्हतं.

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी ती खुर्चीत बसली होती आणि उलटतपासणी चालू होती. शेजारच्या खुर्चीवर एक हेडफोन पडला होता, तो तिनं घेतला नाही. येस्तिन अडखळत होता, ते हेडफोनशिवायही कळत होतं, कारण बाई मधेच डेन्झिलला "पुन्हा सांगाल?" म्हणत, आणि डेन्झिल पुन्हा सांगे, हळू, पण बोली न बदलता, एकेक शब्द हातावर ठेवल्यासारखा. मेलेरीचं डोकं थांबत नव्हतं. त्याच्या प्रत्येक वाक्याचं इंग्रजी आतल्या आत तयार होत होतं, ओठांपर्यंत येत होतं, आणि जायला जागा नसल्यानं तिथेच गोळा होत होतं. तिनं ओठ दाताखाली धरले. त्याचं 'वेइदिर' म्हणजे गल्ली, हे तिच्या डोक्यानं तात्काळ पुढे केलं. तिनं ते मागे ढकललं, तर तिथे गल्लीच आली, दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं, वर चढताना आईच्या पायांचा आवाज. मग पुन्हा इंग्रजी. मग पुन्हा आवाज. तिला बसवत नव्हतं आणि उठवत नव्हतं.

वकील म्हणाला, "ही जागा तुमच्या बोलीसाठी हवी, असा आपला मुद्दा दिसतो. नेमके किती जण ती बोलतात आता? मोघम नको. गावात आणि गावाबाहेर, सगळे धरा."

येस्तिनला प्रश्न वेल्शमध्ये सांगावा लागला नाही. डेन्झिलला तो कळला होता. त्यानं दोन्ही हात टेबलावर घेतले आणि एकेक नावाला एकेक बोट मिटत मोजायला सुरुवात केली. पेन-फोर्डच्या दोघी बहिणी. जुन्या पोस्टातला गेराँट आणि त्याची बायको. मिस बेवन, नव्वदीच्या, वृद्धाश्रमात, पण बोलतात, अजून चुका काढतात. चक्कीवरचे चौघं. त्याची पुतणी, तिचा नवरा, तिच्या दोन मुली. धाकटी कधी बोलते, कधी नाही, पण तिला धरू. कॅनडाला गेलेला हिवेल, नाताळला फोन करतो. दगडी पुलापलीकडची मेगन. एवढं सांगून झाल्यावर तो थांबला, आणि त्यानं खुर्च्यांकडे पाहिलं. नजर रांगेवरून सरकत आली आणि मेलेरीवर थांबली. हनुवटीवर, मग डोळ्यांवर. त्याचं एक बोट वर होतं, मिटायचं राहिलेलं. मेलेरीला वाटलं, आता हा ते आपल्या नावानं मिटेल. आणि तिला वाटलं, नको, मिटू नको.

डेन्झिलनं ते बोट स्वतःच्या छातीला लावलं. "आणि मी," तो म्हणाला. "सोळा."

"सोळा," काचेमागून येस्तिन न अडखळता म्हणाला.

मेलेरीनंही मनात मोजले होते. सोळाच येत होते.